पडवीतला चौथा नियम

४ जानेवारी, रविवार

आज पडवीला, आमच्या छोट्या ऑनलाइन कट्ट्याला, चौथा नियम जोडला: एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नये. सुबोध फोनवर म्हणाला, "कोण टाकणारे गं? सगळे मिळून सत्तर-ऐंशी माणसं आपण, त्यातली निम्मी तुझ्या गावची." मी म्हटलं, नियम माणसं बघून करायचे नसतात, माणसं यायच्या आधी करायचे असतात. तो हसला. नवीन खात्याला आम्हा दोघांचाही होकार हवा, हा दुसरा नियम केला तेव्हाही हसला होता. "म्हणजे मी चेकनाक्याला सिग्नलवर असलो तर पाहुण्याने दारात ताटकळायचं?" ताटकळू दे. एकाच्या मर्जीवर सगळं सोडलं की काय होतं ते आपण जुन्या ठिकाणी पाहिलंय.

जुनं ठिकाण म्हणजे जिथे अख्खं जग दोन-दोन ओळी लिहून भांडतं ते. गेल्या वर्षी आत्याने तिथे आमच्या लिफ्टबद्दल मालवणीत चार ओळी लिहिल्या होत्या. घाटकोपरच्या या इमारतीत आम्ही अकराव्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आत्याचे गुडघे गेलेले. कुणीतरी तिच्या भाषेची टर उडवली, मग त्याचं बघून शेकडो लोकांनी. मी तक्रार केली. उत्तर आलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. आत्याने फोन पालथा घातला आणि तांदूळ निवडत बसली.

त्या आठवड्यात मी शोधायला लागले. जुन्या ठिकाणाला पर्याय म्हणून तीन-चार नवी सॉफ्टवेअरं आली आहेत. सगळी मुक्त: फुकट घ्या, आतला कोड वाचा, आपला सर्व्हर आपण चालवा. एक फार कच्चं होतं. दुसरं छान, पण सगळ्या नाड्या एकाच कंपनीच्या हातात, म्हणजे पुन्हा तेच. तिसरं घेतलं. सुबोध माझ्या मरोळच्या ऑफिसातला. त्याला सर्व्हर कळतात. मला काळजी करता येते. असं मिळून आम्ही पडवी चालवतो.

१० जानेवारी, शनिवार

आज आत्याचं गाऱ्हाणं रंगलं. दिवा लावला की ती खुर्चीत बसते, चष्मा पुसते आणि एकेक ओळ टाकते.

"बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां अकराव्या मजल्यार अडकली हत रे म्हाराजा."

खाली पटापट उत्तरं येतात: होय म्हाराजा. होय म्हाराजा. गावच्या मुंबई मंडळातले सगळे. गावी देवळात म्हातारे मानकरी गाऱ्हाणं घालतात, एक ओळ झाली की जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात, तसंच. मग दुसरी ओळ.

"जो बिल्डर खालच्या खाली सटाकता, तेचा तोंड हयसर वळव रे म्हाराजा."

होय म्हाराजा. बाबासुद्धा आतल्या खोलीत बसून टाइप करतात. चार पावलांवर बहीण बसली आहे, तोंडाने म्हणायचं तर तेही नाही.

बोरिवलीहून माधुरीमावशीही म्हणते. ती आणि आत्या जुन्या चाळीत दाराला दार लावून राहिल्या. आता ती मुलाकडे असते. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, आणि आत्या खाली उतरू शकत नाही. एका शहरात राहून लिहिणं एवढंच राहिलंय दोघींचं. मावशीच्या सुनेने तिचं खातं पडवीवर न काढता "वेस" नावाच्या मोठ्या मराठी सर्व्हरवर काढलं. मीच तिला सांगितलं होतं, कुठेही काढा, सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात, फोनच्या कंपन्यांसारखे.

१५ जानेवारी, गुरुवार

वेस पुण्याचे हर्षद नावाचे गृहस्थ चालवतात, हौसेने, आमच्यासारखेच. त्यांचं पत्र आलं. "आपल्या सर्व्हरवरून रोज संध्याकाळी तीस-चाळीस खाती काही मिनिटांच्या आत एकच मजकूर पाठवत आहेत. ही स्वयंचलित खाती असावीत असा आमचा अंदाज आहे. कृपया लक्ष घालावे."

इतकं सभ्य पत्र की रडू आलं. मी मोठं उत्तर लिहिलं. गाऱ्हाणं म्हणजे काय, कधीपासून चालतं, सगळं. सुबोधने वाचून सांगितलं, "ते शेवटचं वाक्य काढ." शेवटी मी लिहिलं होतं की लोक विसरू नयेत म्हणून सात वाजता मीच सगळ्यांना आठवण पाठवते.

"का काढू? खरं आहे ना?"

"अगं बाई, तू त्यांना सांगतेयस की हो, हे ठरवून होतं, आणि बटण माझ्या हातात आहे."

काढलं नाही. लपवून काय मिळवायचं? आत्याने मला शिकवलंच तसं. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही, ती घरीच शिकवायची, आणि तिच्या शाळेत खोडरबर नव्हतं. चुकलं तर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं. चूक दिसली पाहिजे, म्हणायची, नाहीतर सुधारलं काय ते कसं कळणार?

१८ जानेवारी, रविवार

वाट लागली.

मंडळाचे सचिव लहूकाका यांना मी परवा सांगितलं होतं की वेसवाल्यांना आपण यंत्र वाटतोय. एवढंच. ते म्हणाले, "तू गप रव. मी बगतंय." मला वाटलं बघतील म्हणजे लोकांना समजावतील.

त्यांनी एक मजकूर तयार केला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आज दुपारी मंडळातल्या यच्चयावत माणसाने तो उचलून जसाच्या तसा हर्षदना पाठवला:

"महोदय, आम्ही खरी माणसे आहोत, यंत्र नाही. कळावे. लहू, सचिव."

चाळीस वेळा. प्रत्येकाच्या खाली "लहू, सचिव". चेंबूरच्या सुंदराबाई, लहू, सचिव. भांडुपचे चंद्रप्रकाश, लहू, सचिव. बाबांनीही पाठवला.

"बाबा, निदान खालचं नाव तरी बदलायचं!"

"लहूने सांगितलं, एका अक्षराचाही फरक नको. एकी दिसली पाहिजे."

१९ जानेवारी, सोमवार

वेसने पडवी ब्लॉक केली. इकडचं तिकडे जात नाही, तिकडचं इकडे येत नाही.

ऑफिसात टेस्टिंगच्या रिपोर्टमध्ये दोन चुका केल्या. सुबोधने डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "लहू, सचिव." मला हसू आलं नाही. त्याला एकट्यालाच आलं.

२२ जानेवारी, गुरुवार

आत्या रोज विचारते, "माधुरीचा काय इला?" मी सांगते, तांत्रिक अडचण आहे. हे खोटं नाही. पण खरंही नाही.

हर्षदना तीन पत्रं लिहिली. आज उत्तर आलं. ते म्हणतात, माणसं असतील किंवा नसतील, पण ज्या खात्यांनी हे केलं ती महिनाभर स्थगित केलीत तर आम्ही ब्लॉक उठवू. "आपल्याच चौथ्या नियमात हे बसते, असे दिसते."

त्यांनी आमचे नियम वाचले. कुणीतरी वाचले.

२४ जानेवारी, शनिवार

सुबोधशी भांडण. तो म्हणाला, "नियम बदल ना यार. तूच केलायस." मी म्हटलं, अडचण आली की नियम बदलायचा, मग जुन्या ठिकाणात आणि आपल्यात फरक काय? तो म्हणाला, "फरक एवढाच की इथे तू आहेस. तेवढा मला पुरत होता." मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

संध्याकाळी एकेक खातं उघडून स्थगित केलं. सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी विचारतं, नक्की का? प्रत्येक वेळी मी कारण लिहिलं: नियम ४. कॉपी-पेस्ट न करता लिहिलं. तेवढं तरी आपण पाळायला हवं.

बाबांचंही केलं. घरातलं म्हणून सोडलं असतं तर बाकीच्यांना काय तोंड दाखवलं असतं? जेवताना त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग ताटातला भात कालवत म्हणाले, "सुलक्षणाला विचारलंस?"

"आत्याला कशाला? तिचं खातं चालूच आहे. तिने कुठे एकच ओळ परत लिहिली?"

बाबा ताट घेऊन आत गेले. रागावले असावेत.

२५ जानेवारी, रविवार

लहूकाकांचा फोन. "पोरी, आमच्या तोंडाक कुलूप घातलंस तां बरा केलंस. आता शिमग्याक गावाक येतलंस तेव्हा पालखीसमोर काय सांगतलंस? नियम चार?"

मी म्हटलं, काका, एक महिनाच आहे. माधुरीमावशीसाठी केलं.

"माधुरीसाठी," म्हणाले आणि फोन ठेवला. मंडळ पुन्हा जुन्या ठिकाणी गेल्याचं बाबांकडून कळलं. तिथे कुणाला कशाची पडलेली नाही, कितीही वेळा काहीही म्हणा.

२७ जानेवारी, मंगळवार

वेस उघडली! हर्षदनी शब्द पाळला. वर त्यांनी लिहिलंय की पुन्हा असा त्रास कुणालाच होऊ नये म्हणून "होय म्हाराजा" हा शब्दप्रयोग त्यांनी वेसच्या गाळणीतच टाकला आहे. तो असलेली पोस्ट आपोआप अडते. सोयीचं झालं. मी आभार मानले.

आत्याला सांगितलं, आता लिही, मावशीला दिसेल. तिने दिवा लावला, चष्मा पुसला.

"बा देवा रवळनाथा, सगळी वाट मोकळी झाली असा पोर सांगता रे म्हाराजा."

आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. पुढे काही लिहिलं नाही. दमली असेल.

३० जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस आत्याची एकच ओळ. पहिली ओळ टाकते, बसते, थोड्या वेळाने फोन पालथा घालते. अक्षरं मोठी करून दिली. डोळ्यांत घालायचे थेंब आणले. मुकाट्याने घालून घेतले.

माधुरीमावशीचंही काही येत नाही. दार उघडूनही! म्हातारी माणसं दहा-बारा दिवसांत सवय मोडतात, असं असेल का? इतकं सगळं केलं ते कुणासाठी?

१ फेब्रुवारी, रविवार

पडवी चकाचक आहे. एक तक्रार नाही, एक नियमभंग नाही. आज दिवसभरात चार पोस्टी, त्यातल्या दोन सुबोधच्या. एकीत त्याने मुलुंडच्या कॉलनी रोडवरच्या एका कुत्र्याचा फोटो टाकलाय आणि खाली "अॅडमिन मॅडमच्या परवानगीने". मला राग आला. कुत्रा चांगला होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मला संशय आला की दोष सॉफ्टवेअरचा आहे. एक ओळ पाठवली की दुसरी लिहायची चौकट उघडत नसेल. आत्याच्या फोनवर स्वतः चौदा प्रकारे तपासलं, कामच आहे माझं ते. सगळं चालतंय. तरी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना सविस्तर कळवलं: "वापरकर्ती पहिल्या पोस्टनंतर थांबते." कुठल्याशा देशातून कुणाचं तरी उत्तर आलं, हा सॉफ्टवेअरमधला दोष दिसत नाही, तुम्ही वापरकर्तीला विचारलंत का?

उद्धट माणूस. खुशाल तक्रार बंद करून टाकली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं.

आत्या खुर्चीत होती. पहिली ओळ गेली होती. मी खाली तिच्या पायाशी बसले, गुडघ्यांना तेल लावत. म्हटलं, "आत्या, पुढची ओळ का लिहीत नाहीस? डोळे दुखतात का?"

"डोळ्यांक काय धाड भरली?"

"मग?"

"पयल्या ओळीक कोण होय म्हणाला?"

"कुणी नाही."

"मगे फुडे कशी जाऊ?"

ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी पाढा चुकले. म्हणाली, "देवान आयकला की नाय तां कोणाक ठावक? माणसांनी आयकला, इतक्या तरी कळाक व्हया ना गो."

मग तिने आठवण काढली. मी लहानपणी पाढे म्हणायचे तेव्हा प्रत्येक आकड्यानंतर थांबायचे. ती स्वयंपाकघरातून "हां" म्हणाली की मगच पुढचा. एकदा ती रॉकेलच्या रांगेत गेली होती आणि मी सात सक बेचाळीसवर तशीच बसून राहिले, ती परत येईपर्यंत.

हे मी विसरले होते. माझ्या हाताला तेल होतं, नाहीतर तिथेच लॅपटॉप उघडला असता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ऑफिसला जायच्या आधी सगळी खाती मोकळी केली. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की का? कारणाच्या चौकटीत पहिल्यांदा लिहिलं: माझी चूक. मग तेच सगळीकडे चिकटवलं. कॉपी-पेस्ट.

चौथा नियम पुसला नाही. त्यावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: "यंत्राने एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नये. माणसाला बंदी नाही."

हर्षदना लिहिलं की अट मोडते आहे, तुम्ही ब्लॉक करणार हे ठाऊक आहे, तुमचं चुकलं असंही म्हणत नाही. फक्त, उत्तर एकसारखं आहे म्हणून माणूस नाही, हे मी पटवून घ्यायला नको होतं. ते वाक्य सात वेळा लिहून खोडलं. सॉरी, सात वेळा रेघ मारली.

सुबोधला पाठवायच्या आधी वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "पाठव. शेवटचं वाक्य काढू नकोस."

७ फेब्रुवारी, शनिवार

ब्लॉक झालो. पत्र पुन्हा सभ्य. "आपली भूमिका समजते. आमच्याकडे सहा हजार लोक आहेत, प्रत्येक सर्व्हरची रीत आम्ही शिकू शकत नाही. खेद आहे." खेद खरा असेल, त्याचाच जास्त त्रास होतो. ते वाईट असते तर बरं झालं असतं.

मंडळातले निम्मेच परत आले. बाबा आले. लहूकाका आले, आल्या आल्या एक पोस्ट टाकली: "तुरुंगातून सुटलो. लहू, सचिव." संध्याकाळी आत्याने पाच ओळी लिहिल्या. लिफ्ट, बिल्डर, टँकर, माझी नोकरी, आणि शेवटी:

"बोरिवलीक एक माझा माणूस हा, तेच्यार नजर ठेव रे म्हाराजा."

होय म्हाराजा, सगळे म्हणाले. एक सोडून. आत्या फोन हातात धरून थोडी थांबली. मग तिने चष्मा काढला.

म्हणजे मी वीस माणसं परत आणली आणि एक घालवली. आधी एकीसाठी चाळीस घालवली होती. यात बरोबर उत्तर कुठलं? आणि मला हे कोण सांगणार?

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर झोपले. उठले तेव्हा बाहेर उन्हं उतरली होती. पडवीवर नवीन खात्यासाठी एक अर्ज आला होता. तिथे एकच प्रश्न असतो: इथे का यायचंय? बहुतेक लोक "सहज" लिहितात.

नाव माधुरी. ठिकाण बोरिवली. आणि खाली:

"तिकडे माका होय म्हणाक देय नाय. म्हटला की अडवतत. बारा दिवस रोज म्हणतंय, सुलूक काय पोचत नाय. सुनेक बाजूक बसवन ह्या लिवतंय. सुलूक सांगा, थांब. दिवेलागणीच्या आत दार उघडा."

गाळणी. रोज म्हणत होती ती. मी आभार मानले होते त्या गाळणीचे.

ओरडतच बाहेर गेले. आत्या वात वळत होती. मी म्हटलं, आत्या, आज मी सांगितल्याशिवाय पहिली ओळ टाकू नको. ती म्हणाली, "कित्याक? परत बंद केलंस?"

मग बसले, माझा होकार दिला, आणि पडद्यावर आलं: दुसऱ्या अॅडमिनचा होकार बाकी. माझाच दुसरा नियम. सुबोधला फोन. उचलत नाही. पुन्हा. उचलत नाही. बाबा दारात उभे, "नियम दोन आहे काय आता?" त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण मिशी हलत होती. खालच्या मजल्यांवर घंटा वाजायला लागल्या. आत्याने दिवा लावला, खुर्चीत बसली, चष्मा पुसला आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. सुबोधचा पासवर्ड मला माहीत आहे, त्यानेच दिलाय, अडीअडचणीला. बोट तिथपर्यंत गेलं. नाही. एकाच आठवड्यात दुसऱ्या नियमावर रेघ नाही मारवत.

फोन वाजला. मागे हॉर्न, एकामागून एक.

"काय गं, सतरा मिस्ड कॉल! चेकनाक्याला सिग्नलवर आहे. आता कसली वाट लागली?"

"दुसरा होकार दे."

"कुणाला?"

"माधुरीमावशीला. दारात उभी आहे. बारा दिवस. सुबोध, प्लीज, हसू नकोस, आधी होकार दे."

तो हसला नाही. तो नाशिककडचा, या सगळ्यातलं त्याचं काहीच नाही. मागचे सगळे हॉर्न ओरडत होते, बहुधा सिग्नल सुटला होता आणि हा पठ्ठ्या गाडी मधोमध उभी करून फोनवर बोटं चालवत होता.

"होय म्हाराजा," तो म्हणाला.